येरवड्याला जाणारी गाडी

वनाजहून रामवाडीकडे निघालेली मेट्रो बंडगार्डनचे स्थानक सोडून नदीवर येते आणि 'पुढील स्थानक येरवडा' अशी घोषणा होते, तेव्हा डब्यात कोठेतरी हशा पिकतो. महाविद्यालयीन मुलांचा घोळका असेल तर एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसतो आणि म्हणतो, "चल, तुझं स्टेशन आलं." यात नवीन काही नाही. 'याला येरवड्याला न्या' हे वाक्य पुण्यात पिढ्यानपिढ्या बोलले जात आले आहे. मुंबईकर त्याच अर्थाने ठाण्याचे नाव घेतात. एका जुन्या गावाचे नाव मनोरुग्णालय आणि तुरुंग एवढ्यापुरतेच भाषेत उरावे, हे आम्हा मराठीच्या अध्यापकांना एरवी शब्दार्थसंकोचाचे उदाहरण म्हणून वर्गात सांगण्याजोगे वाटले असते. पण गेले वर्षभर आम्ही त्या घोषणेच्या वेळी डब्यात आणखी एक गोष्ट पाहतो आहोत. हसणाऱ्यांपैकी कोणी येरवड्याला उतरत नाही. जे उतरतात ते घोषणेपूर्वीच दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिलेले असतात.

हे लिहिण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. आमच्या एका सहकाऱ्यांनी (ते ललित लेखन करतात, आणि वाईट करीत नाहीत) एका दिवाळी अंकात मेट्रोवर लेख लिहिला. मेट्रोने पुणेकराच्या प्रवासाच्या सवयी बदलल्या, असे त्याचे सूत्र. दुचाकीवर बसून साऱ्या जगाशी भांडणारा पुणेकर आता रांगेत उभा राहतो, उतरणाऱ्याला आधी वाट देतो, मोबाइलवर हळू बोलतो. थोडक्यात, जे काम शंभर वर्षांच्या व्याख्यानमालांना जमले नाही ते एका गाडीने केले. लेखाच्या उत्तरार्धात गाडी नदी ओलांडते आणि लेखकाला काचेतून येरवड्याची पत्र्याची छपरे 'ठिगळ लावलेल्या गोधडीसारखी' दिसतात. शिक्षककक्षात या उपमेचे कौतुक झाले. आम्हीही केले. घरी येऊन लेख दुसऱ्यांदा वाचला, तेव्हा लक्षात आले की त्या गोधडीखालचा एकही माणूस लेखातल्या गाडीत चढलेला नाही.

या लेखाला उत्तर द्यावे असे तेव्हा वाटले नाही. पण हाच सूर नंतर इतक्या ठिकाणी ऐकू आला, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, परिसंवादांत, विद्यार्थ्यांच्या निबंधांतसुद्धा, की आता गप्प राहणे म्हणजे संमती देणे होईल. याच्या विरुद्ध बाजूला दुसरा एक सूर आहे, तो 'पुणे गेले' असे म्हणणाऱ्यांचा. त्यांना डेक्कनजवळच्या नदीपात्रातले खांब खुपतात, सायकलींचे शहर आठवते, लकडी पुलावरचा वारा आठवतो. हे दोन पक्ष एकमेकांचे विरोधक समजले जातात. आमच्या मते तो एकच पक्ष आहे. एकाला काचेतून पुढचे दिसते, दुसऱ्याला मागचे. खाली पाहण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

आधी तारखा सांगतो, कारण ललित लेखात त्या येत नाहीत. पुणे मेट्रोची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ ची. पहिले तुकडे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. त्यांत या मार्गावरचा भाग वनाज ते गरवारे महाविद्यालय एवढाच होता, म्हणजे कोथरूडमधून निघून कोथरूडच्या वेशीवर संपणारा. १ ऑगस्ट २०२३ रोजी गाडी रुबी हॉलपर्यंत आली. ६ मार्च २०२४ रोजी ती रामवाडीला पोचली आणि शहर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोडले गेले, असे सर्वांनी लिहिले. मात्र त्या दिवशी गाडी येरवड्यात थांबत नव्हती. स्थानक प्रवाशांसाठी उघडले ते २१ ऑगस्ट २०२४ रोजी. मधले साडेपाच महिने कल्याणीनगरचा आणि रामवाडीचा प्रवासी येरवड्याच्या डोक्यावरून जात होता. विलंबाची कारणे जिन्याच्या जागेची, म्हणजे तांत्रिकच होती, आणि त्यांत कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची आम्हाला हौस नाही. पण पश्चिमेकडून पूर्वेकडे जोडल्या गेलेल्या शहराच्या त्या वर्णनांत मधे एक बंद स्थानक आहे, हे कोणालाही लिहावेसे वाटले नाही, याची नोंद साहित्याच्या अभ्यासकांनी तरी करावी.

आता 'सवय' या शब्दाविषयी. सवय लागते, जडते, मोडते, सुटते. मराठीत या शब्दाबरोबर येणारी सारी क्रियापदे माणसाच्या मनाशी जोडलेली आहेत. चहाची सवय, उशिरा उठण्याची सवय. 'पुणेकरांना दुचाकीची सवय आहे' असे म्हटले की दुचाकी हा एक दुर्गुण ठरतो आणि तो टाकणे हा सद्गुण. मग उपदेशाला मोकळे रान मिळते. पण ज्याच्या दारापासून बसथांब्यापर्यंत पदपथ नाही, ज्याच्या थांब्यावर बस केव्हा येईल याचा नेम नाही, त्याने कर्ज काढून घेतलेली दुचाकी ही सवय नव्हे, नाइलाज आहे. आणि ज्याला दुचाकीही परवडत नाही तो चालतो, त्यालाही चालण्याची सवय आहे असे म्हणायचे काय? आपल्या सोयीला सवय म्हणणे आणि दुसऱ्याच्या अडचणीलाही तेच नाव देणे, ही शब्दांची हातचलाखी आहे. समीक्षेच्या वर्गात आपण हे दोष कवितेत शोधतो.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात शिकवतो. ते पश्चिम पुण्यात आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एक जण कोथरूडला राहतो, दुसरी विश्रांतवाडीला, म्हणजे येरवडा ओलांडल्याशिवाय जिचा दिवस सुरू होत नाही अशी. गेल्या सत्रात आम्ही एम. ए. च्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला एक पान लिहायला सांगितले : 'मी महाविद्यालयात कसा येतो', किंवा 'कशी येते'. गुण नव्हते, म्हणून लेखन बरे झाले.

कोथरूडच्या एका विद्यार्थ्याने चार ओळींत आटोपले. त्याच्या घरापासून स्थानक सात मिनिटांवर, स्थानकापासून महाविद्यालय पाच मिनिटांवर. त्याने गाडी घरी ठेवायला सुरुवात केली आहे आणि वाचलेल्या वेळात तो कादंबरी वाचतो. हा आपल्या सहकाऱ्यांच्या लेखाचा नायक. तो खरा आहे, आणि तो असावा याचा आम्हाला आनंदच आहे. वाघोलीच्या एकाने बस, मेट्रो आणि पुन्हा पायपीट असा हिशेब मांडला होता. नगर रस्त्यावरची बस रामवाडीला किती वाजता टेकेल यावर त्याचा सारा दिवस अवलंबून असतो.

तिसरे पान नागपूर चाळीच्या बाजूला राहणाऱ्या मुलीचे होते. दीड पान होते, खरे तर. त्यात मेट्रोविषयी एकच वाक्य होते : गाडी थंड असते आणि वेळेवर येते. उरलेले सगळे लेखन घरापासून स्थानकापर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांविषयी. कोणत्या वळणावर पदपथ संपतो आणि रस्त्यावर उतरावे लागते. पावसाळ्यात कोठे पाणी साचते. संध्याकाळी सातनंतर कोणत्या कोपऱ्यावरचा दिवा बंद असतो आणि त्या कोपऱ्यावर ती फोन कानाला का लावते, फोन चालू नसला तरी. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचे की चालायचे, हा निर्णय तिला रोज दोनदा घ्यावा लागतो. शेवटी तिने आईविषयी लिहिले होते. आई पुलापलीकडे कोरेगाव पार्कात दोन घरी धुण्याभांड्याचे काम करते. पूर्वी जाताना बसने जाई आणि येताना चालत येई. बसचे भाडे वाढल्यापासून दोन्ही वेळा चालते.

'प्रवासाच्या सवयीत झालेला बदल' तो हा. आम्ही वाचलेल्या कोणत्याही लेखात तो आलेला नाही.

भाड्याचे म्हणाल तर ते सर्वांना ठाऊक आहे, पण मांडून ठेवतो. १ जून २०२५ पासून पीएमपीच्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. दिवसाचा पास ४० वरून ७० वर गेला, महिन्याचा ९०० वरून १५०० वर. विद्यार्थ्यांचा ७५० रुपयांचा पास तेवढा होता तसा राहिला. मेट्रोचेही किमान भाडे १० रुपयेच आहे. येरवड्याहून बंडगार्डन हे एकच स्थानक. त्या बाईने गाडीने जायचे म्हटले तर जाऊन येऊन २० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२०, आणि तेही घरापासून स्थानकापर्यंत चालून झाल्यावर. ज्यांना ही रक्कम किरकोळ वाटते त्यांनी आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंचा पगार या सहा महिन्यांत किती वाढवला, ते आठवून पाहावे. आम्हीही आठवून पाहिले, आणि आम्हाला फार अभिमान वाटला नाही.

पुण्यात बसने जाणारे रोज दहा लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. दोन्ही मार्ग धरून मेट्रोचे प्रवासी त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तरीही शहराच्या प्रवासाविषयी बोलायचे म्हणजे मेट्रोविषयी बोलायचे, असा आता प्रघात पडला आहे. नगर रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका २०१६ मध्ये सुरू झाली होती. ती कशी चालली, कोठे फसली, यावर मतभेद होऊ शकतात. पण येरवडा ते विमाननगर या पट्ट्यातली मार्गिका वाहतूककोंडीचे कारण देऊन २०२३ मध्ये उखडायला घेतली, तेव्हा त्या रस्त्यावर सर्वांत कमी जागेत सर्वांत जास्त माणसे नेणारे वाहनच कोंडीचे कारण ठरले, हा विनोद कोणाला सुचला नाही. वर मेट्रो आली आहे, मग खाली बसला वेगळा रस्ता कशाला, असे तेव्हा आमच्याच शिक्षककक्षात ऐकले. हा युक्तिवाद करणारे गृहस्थ खाली चारचाकीने येतात.

येथे कोणी विचारील, मग तुम्ही मेट्रोच्या विरोधात आहात काय? नाही. उलट आम्हाला वाटते की तिने दिलेली खरी गोष्ट गौरव करणाऱ्यांनाही नीट दिसलेली नाही. ती गोष्ट म्हणजे शिस्त नव्हे, गारवा नव्हे. ती आहे वेळेची हमी. येरवड्याहून निघालेली मुलगी वीस-बावीस मिनिटांत गरवारे महाविद्यालयाच्या स्थानकावर उतरते, आणि हे काल जितके खरे होते तितकेच उद्याही असते. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन आहे त्याला या हमीची किंमत कळणार नाही, कारण त्याला ती कायमच होती. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम दाखवून आपण आजवर ज्यांना परीक्षेच्या तोंडावर रडवले, त्यांतले कितीजण आळशी होते आणि कितीजण नुसतेच थांब्यावर उभे होते? २०२५ च्या जानेवारीपासून गाडी रात्री ११ पर्यंत धावते. त्या सत्रापासून संध्याकाळी ग्रंथालयात बसणाऱ्या मुलींत आम्हाला दोन नवे चेहरे दिसू लागले. दोघीही नदीपलीकडच्या. घरी काय सांगून थांबता, असे एकीला विचारले तर म्हणाली, "मॅडम, आता सांगता येतं. आठ चाळीसला येरवड्याला उतरते म्हटलं की आठ चाळीसलाच उतरते. वडील न्यायला येतात." वडील रिक्षा चालवतात, म्हणून हे जमते. दुसरीचे वडील रिक्षा चालवत नाहीत. ती साडेसहालाच उठते.

आता आपल्या घरातला प्रश्न. मराठीच्या अभ्यासक्रमात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपण अनेक वर्षे शिकवत आलो. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे', पुलंचे 'अपूर्वाई'. यांतला प्रवासी एकदा निघतो, पाहतो, परततो आणि लिहितो. जो रोज निघतो आणि रोज परततो त्याच्यासाठी आपल्याकडे वाङ्मयप्रकार नाही. मुंबईची गोष्ट वेगळी झाली. तेथे दीडशे वर्षांच्या रेल्वेने माणसांना एकाच गाडीला, एकाच डब्याला, एकाच दाराला बांधले; आठ बाराची गाडी हे तेथे वेळापत्रकातले आकडे नसून माणसांचे कुटुंब असते, म्हणून कथा-कवितांत लोकल आली. पुण्याच्या बसला ते भाग्य लाभले नाही. पुण्याचा लेखक पेठांतून चालत गेला, पुढे सायकलवर बसला, मग स्कूटरवर. बसमध्ये तो सहसा चढला नाही, आणि चढला तर वाहकाच्या उर्मटपणावर एक विनोद घेऊन उतरला. पुलंच्या 'म्हैस'मध्ये सबंध समाज बसमध्ये बसलेला आहे, पण ती बस कोकणातली, एसटीची. शहरातल्या बसने ज्यांनी आयुष्य काढले त्यांची भाषा आपल्या साहित्यात आलेली नसताना मेट्रोवर मात्र दोन वर्षांत लेखांचा ढीग पडला, कारण लेखक स्वतः गाडीत चढला. लेखकाने आपल्या अनुभवावर लिहावे, याला आमची हरकत नाही. त्याने आपल्या अनुभवाला 'पुणेकर' हे नाव देऊ नये.

येरवड्याशी आपले नाते किती जुने आहे याचे विस्मरण तर अधिकच बोचते. टिळक आणि आगरकर यांच्या १८७९ च्या सुमाराच्या चर्चा डेक्कन कॉलेजच्या परिसरात, म्हणजे येरवड्यात झाल्या. नव्या शाळेची कल्पना तेथे आकाराला आली आणि २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल शहरात सुरू झाले. पश्चिम पुण्यातल्या ज्या शिक्षणसंस्थांच्या छायेत आम्ही अध्यापक म्हणून मिरवतो त्यांच्या परंपरेचे बीज असे नदीपलीकडून आलेले आहे. आगरकर एकच सदरा रात्री धुऊन दिवसा घालीत, ही कथा आपण दर वर्षी सांगतो. आज त्यांच्यासारखाच एखादा विद्यार्थी येरवड्यातून निघाला तर तो वर्गात वेळेवर पोचेल का, हा प्रश्न मात्र आपण 'सवयी'च्या खात्यात टाकतो. जोतीराव फुल्यांच्या पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या कामांतही येरवड्याच्या पुलाचा उल्लेख येतो. नदीवरच्या पुलावर कोणी काम केले, हे विचारणारा इतिहासलेखक आपल्याला हवा असतो. त्यावरून आज कोण चालत जाते, हे विचारणारा ललित लेखक कोठे आहे?

नावांविषयीही थोडे. दुसऱ्या मार्गावरच्या भुयारी स्थानकाचे 'बुधवार पेठ' हे नाव २०२४ मध्ये 'कसबा पेठ' झाले. भूगोलाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण त्यासाठी जी तत्परता दिसली आणि जो सुटकेचा निःश्वास ऐकू आला, त्यात भूगोलाचा वाटा किती आणि लाजेचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. उद्या येरवड्याचेही नाव बदलावे असे कोणी सुचवले तर आम्हाला आश्चर्य वाटणार नाही. घोषणेच्या वेळचा तो हशा मग बंद होईल. कोपऱ्यावरचा दिवा बंदच असेल.

आमचे मागणे काय, असे विचारले जाते, आणि ते रास्त आहे. रामवाडीच्या पुढे वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत आणि वनाजच्या पुढे चांदणी चौकापर्यंत मेट्रो नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी मंजुरी दिली : पावणेतेरा किलोमीटर, १३ स्थानके, ३,६२६ कोटी रुपये. हे व्हावे. पण त्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले तर जेल रोड, लक्ष्मीनगर, नागपूर चाळ येथून स्थानकापर्यंत दर दहा मिनिटांनी सुटणारी छोटी बस, सलग पदपथ, चालू दिवे, आणि बस व मेट्रो दोन्हींत चालणारा विद्यार्थ्यांना परवडेल असा एक मासिक पास, या मागण्या हास्यास्पद वाटाव्यात इतक्या स्वस्त आहेत. त्या स्वस्त आहेत म्हणूनच होत नाहीत, असे आमच्यापैकी एकाचे मत आहे. पायी जाणाऱ्याचा दिवा लावण्याला उद्घाटन नसते. दुसरीचे मत असे की त्या कोणी मागितल्याच नाहीत. ज्यांना लिहिता येते त्यांना त्यांची गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांचे दीड पान आम्ही गुण न देता घरी आणून ठेवले आहे.

स्वतःच्या दाराशीही पाहावे लागेल. आमच्या महाविद्यालयाने गेल्या वर्षी वाहनतळ वाढवला. त्यासाठी जी जागा घेतली तेथे पूर्वी मुले डबा खात. एम. ए. चा पहिला तास सकाळी सात वीसला असतो. मेट्रो सहाला सुरू होते, म्हणजे कागदावर कोणाचीच अडचण नाही. नागपूर चाळीच्या मुलीला मात्र त्यासाठी पहाटे अंधारात पंचवीस मिनिटे चालावे लागते. तास सात वीसला का, तर दहानंतर खोली दुसऱ्या विभागाला हवी असते आणि काही प्राध्यापकांना दुपार मोकळी हवी असते. त्या काहींत आमच्यापैकी एक जण आहे.

तो तास साडेआठला घ्यावा, असा अर्ज आम्ही दोघांनी सही करून वेळापत्रक समितीकडे दिला आहे. समितीचे निमंत्रक मेट्रोवर लेख लिहिणारे आमचे तेच सहकारी आहेत. अर्ज वाचून त्यांनी प्रेमाने सांगितले की मुलांना लवकर उठण्याची सवय लागली पाहिजे. अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे.